टिबुकलीसाठी मागितलेली मुदत

सातवीनंतर आईने मला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. ती भिवंडीत घरी शिकवण्या घ्यायची. मुलं पाठ करकरून कशी पास होतात हे तिला रोज दिसायचं, आणि आपल्या मुलीचं तसं होऊ नये एवढंच तिच्या डोक्यात होतं. बाबा गोडाऊनमध्ये वायरिंगची कामं करायचे. ते म्हणाले, "कर तुला काय करायचं ते. फक्त लोकांना उत्तरं तू द्यायची."

उत्तरं मलाच द्यावी लागली. विहारात आत्या सगळ्यांदेखत विचारायची, "आपल्या माणसांनी शाळेची पायरी चढायला काय काय सोसलं, आणि तू घरात बसतेस?"

मी घरात बसत नव्हते, हाच तर माझा त्रास होता. पर्यावरण हा विषय पुस्तकातून शिकायचाच नाही, असं आईचं ठाम मत. त्यामुळे आम्ही सारख्या कुठेतरी निघालेल्या असायचो. माळशेजला गेलो, तर धुक्यात शेजारची आई दिसेना. तानसा तलावावर गेलो, तर पक्ष्यांऐवजी सहलीला आलेल्यांचे स्पीकर ऐकून आलो. ओहोटीला खाडीतले खेकडे बघायला म्हणून कशेळीला निघालो, तर ट्रकांच्या रांगेत रिक्षा अशी अडकली की पोचेपर्यंत भरती आली. वाटेत आई मला भरती-ओहोटी समजावत होती आणि मागचा ट्रकवाला तिच्या प्रत्येक वाक्यावर हॉर्न मारत होता.

"आई, मला परत शाळेत घाल," मी म्हटलं.

"ओहोटी पुन्हा येते," ती म्हणाली. अशा माणसाशी भांडणार कसं?

त्याच वर्षी पावसाळा सरत आला असताना मी बाबांना डबा द्यायला वळ गावात गेले. तिथे गोडाऊनच्या मागे एक डबकं होतं. पूर्वीचं भाताचं खाचर. आजूबाजूच्या जमिनी भराव टाकून उंच केल्यामुळे पाण्याला जायला वाटच उरली नव्हती. कडेला पाणकणसं माजली होती. त्यात एक टिबुकली बुडी मारत होती. बदकासारखा, पण कबुतराएवढा पक्षी. थोड्या वेळाने ती ओल्या गवताच्या एका तरंगत्या ढिगावर चढली आणि चोचीने गवत बाजूला सारून बसली. घरटं होतं ते.

हे मी घरी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून आई आणि मी रोज संध्याकाळी तिथे हजर. बोलायचं नाही, हलायचं नाही, डास चावले तरी हात झटकायचा नाही. समोर ट्रक मागे घेताना टीं-टीं वाजायचे, त्याचं टिबुकलीला काही नव्हतं. माझ्या शिंकेने मात्र ती अंड्यांवर गवत ओढून पाण्यात गडप व्हायची. वॉचमन रोज येऊन विचारायचा, "मॅडम, इधर है क्या देखने का?" आई रोज त्याला पक्षी दाखवायची आणि त्याला तो रोज दिसायचा नाही.

मग एका संध्याकाळी डबक्याच्या पलीकडच्या काठावर मुरमाचे ढीग दिसले. जागा गावातल्याच एका शेतकरी कुटुंबाची होती. तिथे भराव टाकून नवं गोडाऊन बांधायचं होतं, आणि त्याचं वायरिंग बाबांना मिळणार होतं.

"तू तिथे काही बोलायचं नाहीस," बाबा आईला म्हणाले.

"मी फक्त विचारणार आहे."

"तुझं विचारणं मला माहीत आहे."

आई विचारायला गेलीच, मला घेऊन. जागेचे मालक भले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, पाखरासाठी काम थांबवलं म्हनून गाव हसंल मला. पन कवापर्यंत थांबू ते तर सांगा."

"अंड्यांतून पिल्लं बाहेर येईपर्यंत," आई म्हणाली.

"एवढंच ना? थांबतो."

डंपर खरंच आले नाहीत. पुढच्याच आठवड्यात टिबुकलीच्या पाठीवर पिसांतून दोन पट्टेरी डोकी वर आलेली दिसली. आई इतकी खूश झाली की तिने वॉचमनला पेढा दिला. मी त्या रात्री टिबुकलीविषयी मिळेल ते वाचून काढलं आणि माझं डोकंच फिरलं. पिल्लं जन्मल्याबरोबर पोहतात, पण उडायला त्यांना दीडेक महिना लागतो. आणि आपण मुदत मागितली होती अंडी फुटेपर्यंतची.

"आई, हे तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं," ती म्हणाली. "आता परत कोणत्या तोंडाने जाऊ?"

एवढ्या गावांत मला फिरवून आणलेल्या बाईला पूर्णा गाव ओलांडून वळपर्यंत जायची लाज वाटत होती. बाबांना तर सांगायची सोयच नव्हती. शेवटी मी एकटी गेले. मालक ओसरीवर फोनवर बोलत होते. मी उभीच राहिले. फोन झाल्यावर सगळं एका दमात सांगितलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. "पोरी, आधी अंडी म्हनाली तुझी आई. आता पंख म्हनतेस. उद्या त्यांचं लगीन काढशील. शाळा न्हाय का तुला?"

"हीच शाळा आहे माझी," मी म्हटलं. आईचं हे वाक्य मला अजिबात आवडायचं नाही, पण त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

ते हसले नाहीत. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी डंपर आले, पण भराव रस्त्याच्या बाजूने पडू लागला. पाणकणसांचा कोपरा बरेच दिवस तसाच राहिला. तो आमच्यासाठी ठेवला होता, की तिथल्या चिखलात डंपर रुतत होते, हे मला आजवर कळलेलं नाही. बाबांनी विचारलं तेव्हा मालक म्हणाले, "दोन्ही समजा."

पाणी आकसत गेलं. दोन पिल्लांतलं एक दिसेनासं झालं. दुसरं मोठं झालं, अंगावरचे पट्टे पुसट होऊ लागले, पण ते उडताना मी एकदाही पाहिलं नाही. मग एका सकाळी कोपऱ्यात दोघांपैकी कोणीच नव्हतं.

"कल शाम तक तो था," वॉचमन म्हणाला. आता त्याला दिसायला लागलं होतं.

"गेले असतील उडून," आई म्हणाली.

"असतील म्हणजे?" मी चिडून विचारलं. "बघितलं का कोणी?"

"नाही बघितलं."

आईने पहिल्यांदाच काही समजावून सांगितलं नाही. घरी जाताना रिक्षात तिने माझा हात धरला होता आणि मी तो सोडवून घेतला नाही. राग मात्र होता, आणि कोणाचा ते ठरत नव्हतं.

गोडाऊन झालं. वायरिंग बाबांनीच केलं. पूजेच्या जेवणाला मालकांनी आम्हा तिघांना बोलावलं आणि पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हिच्यापायी माझं काम लांबलं. पाखरं वाचवली आम्ही."

मला सांगायचं होतं की एक पिल्लू नक्की मेलं आणि बाकीच्यांचं कोणालाच माहीत नाही. बाबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी भात कालवला आणि जेवले.