फळ्याचा खालचा अर्धा भाग

रामहरी लेखक होता. पण त्याचं पुस्तक निघालं नाही आणि निघावं म्हणून त्यानं खटपटही केली नाही. तरुणपणी पुण्याच्या एका दिवाळी अंकात त्याची गोष्ट छापून आली होती. संपादकांनी आणखी मागितली. पण आष्टीजवळच्या त्याच्या गावात तो अंक कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. बायकोनं, विमलबाईनं, तो डब्यांच्या फळीवर अंथरला. रामहरीच्या जिवाला ते फार लागलं.

पुढे तो गावच्या दूध संस्थेचा सचिव झाला. संस्थेच्या दारात काळा फळा होता. वरच्या अर्ध्यात दुधाचा भाव, पेंडीची गाडी, टँकरची वेळ. खालचा अर्धा मोकळाच असायचा, तिथं रामहरी रोज खडूनं गोष्टीचा एक तुकडा लिहू लागला. किटल्या घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं वाचायची, त्यावरून भांडायची, उद्या काय होणार म्हणून त्याला खोदून खोदून विचारायची. सकाळी ओला बोळा फिरवला की कालचं गेलं.

"पुसायचंच हाय तर लिवायचं कशाला?" विमलबाई म्हणायची.

"पुसतो म्हणून तर लोक उद्या येतेत," असं म्हणून तो हसायचा. पुण्याकडे त्यानं कायमची पाठ फिरवली.

दोन हजार तीनच्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, निम्मं गाव ऊसतोडीला गेलं आणि रांग आटली. तरी छबुबाई यायची. तिची म्हैस छावणीत, एकुलती लेक जानकी नवऱ्याबरोबर कर्नाटकातल्या कारखान्यावर. म्हातारी रिकामी किटली घेऊन पायरीवर बसायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून रामहरी तिला अख्खा फळा वाचून दाखवायचा, वरपासून खालपर्यंत, एका दमात.

गोष्ट तेव्हा ऊसतोडीला गेलेल्या एका पोरीची चालली होती. रामहरीनं तिला नाव दिलं नव्हतं. नाव नसलं की ज्याला त्याला ती आपलीच वाटते, ही त्याची युक्ती. आणि या युक्तीची त्याला घमेंडही होती. फाल्गुनात त्यानं त्या पोरीला उसाच्या फडात साप चावून ती मेल्याचं लिहिलं. टोळीनं तिला तिथंच अग्नी दिला. लिहिताना त्याचेच डोळे भरून आले.

छबुबाईनं सगळं ऐकलं. मग हळूच विचारलं, "कुठल्या मुलखात रं, रामहरी?"

"कर्नाटकात, मावशी. लई लांब," तो गोष्टीच्याच तंद्रीत म्हणाला.

ती पदर तोंडाला लावून उठून गेली. आपल्या शब्दांनी म्हातारी हलली, या आनंदात त्या वेड्याला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तो तिच्या घरी गेला, तर दाराला कडी. शेजारचा बंकट म्हणाला, "ती गेली की कर्नाटकाकडं. लेकीच्या अस्थी आनते म्हणली. फळ्यावर आलतं म्हणं."

रामहरीला तेव्हा उमगलं. टँकर खरा, पेंड खरी, भाव खरा. त्याच फळ्यावरची, त्याच तोंडानं सांगितलेली पोरगी तेवढी रचलेली, हे तिला कुणी कधी सांगितलं होतं? आष्टीच्या स्टँडवर, मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर त्यानं ट्रकवाल्यांना विचारत फेऱ्या घातल्या. अशी म्हातारी कुणी पाहिली नव्हती. हात हलवत परत आला, गोष्ट पुसली आणि पोरगी सापाच्या विषातून बचावून गावाकडे निघाल्याचं लिहिलं. ते ऐकायला पायरीवर कुणी नव्हतं.

पाडव्याआधी टोळ्या परतल्या. जानकी धडधाकट उतरली. घराची कडी पाहून सरळ संस्थेत आली, आईसाठी घेतलेलं लुगडं काखेत.

"रामहरीमामा, माय छावनीत गेलीय का?"

फळ्यावर मरण लिहिताना त्याला एकही शब्द अडला नव्हता. आता प्रत्येक शब्द अडत होता. तरी त्यानं काहीही न लपवता सगळं सांगितलं. जानकीनं काखेतलं लुगडं फळ्याखाली पायरीवर ठेवलं.

"मग मी जिती हाय," ती म्हणाली, "हे तिला आता कोन सांगनार?"