नातीच्या फोटोचा कच्चा मसुदा

पेडण्याच्या मामलेदार कचेरीसमोर झाडाच्या सावलीत टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून देणे हा माझा व्यवसाय आहे. शाळा मी नववीत सोडली. तथापि पदवीधर माणसेही आपले म्हणणे कागदावर उतरवण्यासाठी माझ्यापुढे येऊन बसतात, हे येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही. या व्यवसायामुळे फोटो या विषयाचाही माझा अभ्यास झालेला आहे. पार्श्वभूमी पांढरी, नजर समोर, तोंड मिटलेले, दोन्ही कान स्पष्ट. हे मी इतक्या जणांना सांगितले आहे की, समोर कोणी आले की त्याच्या चेहऱ्याआधी माझी नजर त्याच्या कानांकडे जाते. तेव्हा नातीचे फोटो घरीच काढायचे ठरल्यावर त्या कामाची सूत्रे माझ्याकडे यावीत, यात मला काही विशेष वाटले नाही.

नात वेळेआधी जन्मली होती. इस्पितळात तिला काचेच्या पेटीत ठेवले होते. त्या पेटीला बाजूने गोल भोके असतात. माझी मुलगी त्यातून हात घालून दोन बोटांनी तिच्या पायाला स्पर्श करी, आणि तेवढ्यावर परत फिरे. पुढे बाळ सावरले, वजन धरू लागले, डॉक्टरांनी हसत निरोप दिला. बाळंतीण आणि बाळ पेडण्याला आमच्या घरी आली. पण मुलीची ती दोन बोटे मात्र पेटीतच राहिली होती. ती कुशीवर निजून दूध पाजी. पाजून झाले की लगेच आईला हाक मारी, "आये, घे गो तिका." आंघोळ आजीने घालायची, खांद्यावर आजीने घ्यायचे. ही दोन बोटांनी पाय चाचपणार आणि हात मागे घेणार. गर्दी नको असे डॉक्टरांनी बजावल्यामुळे बारसेही पुढे ढकलले होते, म्हणून बाळाला नाव नव्हते. सगळे नुसते 'बाय' म्हणत.

फोटोंची कल्पना जावयाची. तो मूळचा बेळगावकडचा. मोपाच्या विमानतळाचे काम चालू असताना आला आणि काम संपल्यावर तिथेच सामान चढवण्या-उतरवण्याच्या नोकरीला राहिला. आमोण्याची एक मुलगी कॅमेरा घेऊन स्कूटरवरून घरोघरी जाते आणि तान्ह्या बाळांचे फोटो काढते, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. त्याने फोन लावून माझ्या हाती दिला.

"काका, घर सजवू नकात," ती म्हणाली. "बाळाचं पोट भरलेलं असू दे, खोली उबदार असू दे, पंखा बंद. कपडे साधे, फिक्या रंगाचे. आणि कॅमेऱ्याकडे कोणी बघायचं नाही."

"मग बघायचं कुठे?"

"बाळाकडे."

"अशाने फोटोतला माणूस ओळखायचा कसा?" मी विचारले.

जावई हसू लागला. "मामा, ओळख पटवायला न्हवं हो काढायचा. घरात ठेवायला काढायचा."

आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, आधार कार्डाचो फोटो न्हय तो!" मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि माका त्यात घेव नकात. बायचो काढा, आयेचो काढा, तुमचो काढा. माका नको."

जावयाचे हसू तिथेच विझले. संध्याकाळी सोप्यावर त्याने मला आपला मोबाईल दाखवला. त्यात बाळाचे कितीतरी फोटो होते आणि प्रत्येकात काच होती, नळ्या होत्या, काचेवर कोणाच्या तरी पांढऱ्या डगल्याचे प्रतिबिंब होते. आईच्या हातात बाळ आहे, असा एकही नव्हता.

"मामा, तिनं बाळ घेतलेला एक फोटो पाहिजे," तो म्हणाला. "एकच. बाकीचे निघोत न निघोत."

आयुष्यभर लोकांच्या मागण्या मी लिहिल्या. इतकी नेमकी मागणी क्वचितच कोणी माझ्यासमोर मांडली असेल. ती मी मनात नोंदवून घेतली.

फोटो काढणाऱ्या मुलीने माझ्यावर एक काम सोपवले होते: घरात चांगला उजेड कुठे आणि केव्हा येतो, ते पाहून ठेवायचे. आपल्याच घराविषयीचा हा प्रश्न, पण मला उत्तर येईना. मी सकाळी घराबाहेर पडतो आणि दिवस कलल्यावर परततो. सुट्टीच्या दिवशी झोपतो. माझ्या घरात दिवसभर काय घडते, याची मला माहितीच नव्हती. मी टेबल मांडले नाही. घरी राहिलो आणि उजेडाच्या मागावर निघालो.

ते दिवस आठवले की अजूनही अर्धवट झोपेत असल्यासारखे वाटते. काजूला मोहोर आला होता आणि त्याचा गोडसर, किंचित आंबूस वास दारातून आत येऊन भिंतींना टेकून राहत असे. सकाळचा उजेड सोप्यावर यायचा तो पोफळींतून गाळून, हिरवट होऊन. त्यात माझे हात पाण्याखाली असल्यासारखे दिसत. पुढे तो उंबरा ओलांडी, देवघरातल्या समईच्या कडेवर जरा थबके, आणि मी वळून पाहीपर्यंत स्वयंपाकघरात तांब्याच्या हंड्यावर जाऊन बसलेला असे. दूर मोपाच्या सड्यावरून विमान उठे. त्याचा आवाज आधी ताटल्यांना कळे, मग आम्हाला. मी खुर्ची घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होतो आणि मला वाटे, या घराला माझ्या माघारी आपले असे एक आयुष्य आहे.

पण नुसता उजेड पाहून भागत नाही. अर्ज लिहिताना मी आधी कच्चा मसुदा करतो आणि मगच पक्क्या कागदाला हात लावतो. फोटोचाही मसुदा व्हायला हवा होता. झोपलेल्या बाळाला इकडून तिकडे हलवणे योग्य नव्हते. मी उशी चादरीत गुंडाळून पाहिली. ती कमरेत मोडली. तिला डोके नव्हते, भार नव्हता. मग मागच्या पडवीतला रगडा दिसला, ज्यावर बायको मसाल्याचे वाटप करते. आमच्याकडे बारशाला रगड्याचा गुंडा, म्हणजे वाटायचा दगड, धुऊन, दुपट्यात गुंडाळून बाळाच्या आधी पाळण्यात घालतात. बायका तो पाळण्याखालून वरून एकमेकींच्या हाती देतात आणि मगच बाळाची पाळी येते. गुंडा वरती निमुळता, खाली गोल. मी तो धुतला, पुसला आणि मुलीच्या जुन्या सुती साडीच्या दुपट्यात बाळासारखा गुंडाळला. हुबेहूब झाला.

बायकोने मला पडवीतून येताना पाहिले. "आता गुंडो खंय व्हरतात? वाटप कशाचेर करू मी, तुमच्या कपाळार?"

"मसुदा चाललाय," मी म्हणालो.

"मसुदो म्हणे! बारशाआधी गुंडो भायर काढतात? तुमचा आपला कायतरीच."

सोप्यावर मी गुंडा मांडीवर घेऊन उजेड अजमावीत बसलो असता पोदेर पाव घेऊन आला. त्याने सायकलवरचा भोंपू वाजवायचे टाळले, पावाचे उंडे हळूच पायरीवर ठेवले आणि मान लांबवून म्हणाला, "काका, नात मगे? बरी न्हिदल्या. रडना बी कशी!"

"शांत स्वभावाची आहे," मी म्हणालो.

पोदेर गेल्यावर आतून मुलीचे हसणे ऐकू आले. दाराआड येऊन तिने सगळे ऐकले होते. बाळंतपणानंतर ती तशी हसल्याचे मला आठवत नाही.

घरभर फिरून झाल्यावर एकच खोली उरली, बाळंतिणीची. तिथे उजेड असण्याचे कारण नव्हते. वारा लागू नये म्हणून बायकोने खिडकीवर जाड कांबळे लावून ठेवले होते. त्या कांबळ्यामागे आमच्या घरातली एकमेव शिंपल्यांची खिडकी आहे. माझ्या वडिलांनी ती कुठल्याशा मोडणाऱ्या घरातून विकत आणून इथे बसवली. काचेच्या जागी पातळ घासलेले शिंपले, लाकडी चौकटीत ओळीने. ती काढून सरकती काच बसवावी, असे मी दर वर्षी म्हणत असे.

"वारो लागतलो बाळंतिणीक," बायको दारात आडवी उभी राहिली.

"खिडकी उघडत नाही. फक्त कांबळे काढतो. शिंपल्यातून वारा येत नाही."

तिने कांबळ्यामागे हात घालून वारा येतो का ते पाहिले. मग स्वतःच स्टुलावर चढली आणि तिने कांबळे काढले.

आत आला तो उजेड मी यापूर्वी कुठेच पाहिला नव्हता. त्याला दिशा नव्हती. नारळाच्या दुधासारखा तो आला आणि खाटेवर, भिंतीवर, पाळण्याच्या दोरीवर सारखा पसरला. परसात बायकोने बाळाचे लंगोट ओव्याच्या धुरीवर धरून आणले होते. त्यांना चिकटून आलेला धुराचा एक धागा त्या उजेडात सावकाश उलगडत राहिला. मुलगी उठून बसली. डोक्याचा रुमाल तिने मागे सारला आणि हाताची बोटे उजेडात धरून उलटीसुलटी पाहू लागली.

"बाबा, ही खिडकी अशी होती?" ती म्हणाली.

मी गुंडा घेऊन खाटेच्या कडेला बसू गेलो. वाकताना कमरेत उसण भरली, तोल गेला आणि गुंडा हातातून सुटू लागला.

"बाबा! डोकी सांबाळा तिची!"

हे ती म्हणाली आणि पुढच्या क्षणी गुंडा तिच्या हातांत होता. एक हात खाली आणि एक मानेशी, निमुळत्या टोकाच्या मागे तळवा लावून. कोणी शिकवावे लागले नाही. आम्ही दोघेही गुंड्याकडे बघत राहिलो. मग तिला हसू आले. पण तिने तो परत दिला नाही. शिंपल्यांच्या उजेडात मांडीवर घेऊन बसली, आणि बराच वेळ तिचे गुडघे नकळत डुलत होते. मी कमरेला हात लावून बाहेर आलो आणि बायकोला सांगितले की, आज वाटप मिक्सरवर कर.

संध्याकाळी मुलीने विचारले, "बाबा, गुंडो खंय दवरलो?" मी आणून दिला.

फोटोच्या दिवशी जावई फिकट निळ्या सदऱ्यात आला. मी इस्त्रीचा कोट घातला होता. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. आमोण्याची मुलगी आली, चपला काढल्या, हात धुतले, खोलीत शिरली आणि दारातच थांबली.

"काका, ही खिडकी कोणी शोधली?"

"मी," असे मी सांगितले, कारण ते खरे होते.

बाळ दूध पिऊन, न्हाऊन आजीच्या खांद्यावर झोपले होते. माझी मुलगी म्हणाली, "मी नको. आयेक बसय हांगा." फोटोवालीने तिला आग्रह केला नाही. फक्त म्हणाली, "ताई, उजेड बघायला कोणीतरी बसा ना जरा." मी गुंडा पुढे केला. मुलीने माझ्याकडे रोखून पाहिले. माझा कावा तिला कळला असावा. तरी ती बसली. गुंडा तिने सवयीने मांडीवर घेतला, मान जरा कलती झाली. कॅमेऱ्याचा आवाज इतका हलका होता की पाल चुकचुकल्यासारखा वाटला.

तेवढ्यात बाळ जागे झाले आणि रडू लागले. आजी थोपटू लागली, जावई खुळखुळा शोधू लागला. खोली लहान होती आणि सगळ्यांची गडबड उडाली. मुलीने गुंडा उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हो धरा, बाबा." मग दोन्ही हात पुढे केले. "आये, दी तिका हांगा."

बायकोने माझ्याकडे पाहिले, मग जावयाकडे. तिने बाळ मुलीच्या हातांत दिले. एक हात खाली गेला, एक मानेशी. मुलीचे खांदे जड ओझ्याच्या तयारीने ताठ झाले होते, आणि ओझे आलेच नाही. तिचे हात बाळासकट जरा वर उचलले गेले.

"आये गे," ती म्हणाली. "कितकी हलकी ही!"

आणि ती रडू लागली, पण हात हलले नाहीत. बाळाचे रडणे उतरत गेले. जावई खुळखुळा हातात घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला. फोटोवाली कधी खाटेच्या या बाजूला होती, कधी त्या. आम्ही तिला विसरून गेलो. शिंपल्यांवरून एखाद्या पाखराची सावली सरकली. कुठेतरी विमान उठले, ताटल्या किणकिणल्या, आणि बाळ परत झोपले.

जरा वेळाने बायको हात पुढे करून म्हणाली, "दी आता, दमलंस."

"राव गो," मुलगी बाळ तसेच धरून म्हणाली. "न्हिदल्या ती."

जावयाला हवा होता तो फोटो मिळाला. आता तो त्याच्या मोबाईलवर सगळ्यांत आधी दिसतो. काचेचे फोटो खाली गेले आहेत. मोठा करून घेतलेली एक प्रत बाळंतिणीच्या खोलीत लावली आहे. त्यात मुलीची मान खाली आहे, डोळे दिसत नाहीत. कडेला मी आहे. अंगात कोट, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला गुंडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, तोंड थोडे उघडे आणि तिच्याकडे वळून पाहत असल्यामुळे कान एकच दिसतो. कोणतीही कचेरी हा फोटो स्वीकारणार नाही.

बारसे झाले, तेव्हा गुंडा पाळण्यात घालायची वेळ आली. मुलीने बाळ एका हातावर घेतले होते. दुसऱ्या हाताने तिने गुंड्यावरचे दुपटे सारखे केले आणि तो आईच्या हाती देत म्हणाली, "सावकाश गो, मान सांबाळ."