पावणेआठ

मी इंग्रजीचा मास्तर आहे आणि परीक्षेच्या खोलीत मी एक शब्द बोललो. तो मराठी शब्द होता. ही गोष्ट आतापर्यंत चार माणसांना सांगून झाली. दर वेळी ती थोडी माझ्या बाजूने वळवून सांगितली गेली, हे मागाहून लक्षात आलं. म्हणून आता लिहून काढतो आहे.

आमची शाळा आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. कागदावर माध्यम इंग्रजी. वर्गात निम्मी मुलं मराठी बोलणारी, बाकीची बहुतेक तेलुगू, चार-दोन गोंडी. मी धडा इंग्रजीत वाचतो, मग तेलुगूत सांगतो आणि हद्दीवरच्या गावांतली मुलं तरीही गप्प दिसली की मराठीत सांगतो. वीस वर्षं हेच करत आलो. माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालाने राबले आणि मी शिकलो तो एका मास्तरांनी पुस्तकातलं वाक्य आमच्या बोलीत आणून ठेवलं म्हणून. त्यामुळे या सवयीचा मला अभिमानच होता.

जिल्ह्याच्या गावी एक निवासी कॉलेज आहे. ते आमच्यासारख्या शाळांतून दहावी झालेली एकेक मुलगी घेतात. दोन वर्षं राहणं, जेवण, विज्ञानाचं शिक्षण सगळं त्यांच्याकडे. अट एकच, मुलीला इंग्रजी ऐकून आणि वाचून कळलं पाहिजे. चाचणी शाळेतच होते. शाळेच्या इंग्रजी शिक्षकाने ती घ्यायची, पेपर तपासायचे आणि गुणांसह कॉलेजला पाठवायचे. यंदा त्यांनी पेनड्राइव्हवर सरावाचे संच पाठवले. ते मुळात चीनमधल्या हायस्कूलच्या मुलांसाठी बनवलेले होते. कुणीतरी इंटरनेटवरून उतरवून घेतले असावेत. संवाद दोनदा ऐकवायचा, मग तीन पर्यायांतल्या एकावर खूण करायची. त्यातली एक बाई आणि एक माणूस कायम कुठेतरी उशिरा पोचत असत.

पहिल्या दिवशी मी चाचणीला बसणाऱ्या मुलींना सांगितलं की हे चीनच्या मुलांसाठी केलेलं आहे. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "सर, चीनच्या पोरायले बी इंग्रजी शिकाव लागते?"

"लागते."

"मंग त्यायचे सर बी त्यायले मारते का?"

"मी कवा मारलं तुमाले?"

"तुमी नाई सर. गणिताचे."

गणिताचे सर शेजारच्याच वर्गात होते. सगळ्या तोंडावर हात ठेवून हसल्या. त्या दिवसापासून त्यांची भीती गेली. आपल्यासारखीच कुठली तरी पोरं कुठल्या तरी खोलीत कान टवकारून बसलेली आहेत, एवढं त्यांना पुरलं.

पण त्या संचांमध्ये बोटीने नदी ओलांडून कामाला जाणं होतं, जमिनीखालून धावणारी रेल्वे होती, संग्रहालयाची तिकिटं होती. मुली चुकायच्या त्या पुष्कळदा इंग्रजीमुळे नाही, ती वस्तूच त्यांनी पाहिलेली नसायची म्हणून. मग मी रेकॉर्डिंग थांबवून समजावायचो. सराव होता, म्हणून ते चालून गेलं.

एका मुलीला मात्र माझ्या समजावण्याची गरज पडत नसे. ती नेरडीगोंड्याकडची, घरची भाषा तेलुगू, शाळेलगतच्या वसतिगृहात राहायची. मराठी तिला मैत्रिणींमुळे तोडकंमोडकं कळायचं. ती मान खाली घालून ऐकायची, आणि दुसऱ्यांदा ऐकवून होईपर्यंत पेन उचलायची नाही. एकदा तिने मला विचारलं, "सर, ती बाई 'फाइन' म्हणाली, पण ती रागावली आहे ना?" पुस्तकात तो प्रश्न नव्हता. मी पुन्हा लावून ऐकलं. बाई खरंच रागावलेली होती.

दुसरी मुलगी आमच्या कॉलनीतली, माझ्या शेजारच्या घरातली. तिचे वडील तहसील कचेरीत क्लार्क. आमच्या दोन्ही घरांत एकच भिंत, आणि रविवारी विहारात एकाच सतरंजीवर बसणं. ती मला काका म्हणते. अभ्यासाला पक्की, वाचून उत्तरं छान लिहायची, पण ऐकताना घाबरायची. पहिला शब्द निसटला की पुढचं सगळं तिच्या हातून जायचं.

चाचणीला अकरा मुली बसल्या. चौदावा संवाद लागला. बाई म्हणते, लवकर चल, सिनेमा आठला सुरू होतो. माणूस म्हणतो, घाई कशाला, आत्ता तर क्वार्टर टू एट झालेत. प्रश्न असा की आता किती वाजले? पर्याय पावणेआठ, आठ आणि सव्वाआठ, तिन्ही आकड्यांत छापलेले. पहिल्यांदा ऐकवून झालं. खिडकीकडच्या बाकावर शेजारच्या मुलीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, सगळं पुसून गेलेलं. आणि मी हळूच म्हणालो, "पावणेआठ."

सवयीने तोंडून निघून गेलं, असं मी पहिल्यांदा सांगितलं होतं. सवय होती हे खरंच आहे. पण सवयीने बोलतो तेव्हा मी सगळ्या वर्गाकडे बघून बोलतो. त्या वेळी मी एकाच बाकाकडे बघत होतो.

दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग वाजलं. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी घरी पेपर तपासायला घेतले. वसतिगृहातल्या मुलीचा पेपर स्वच्छ होता, कुठे खाडाखोड नाही. चौदाव्या प्रश्नावर मात्र दोन खुणा. ७:४५ वरची खूण आडव्या रेघेने नीट खोडलेली, आणि ८:१५ वर नवी. तिने ऐकून बरोबर लिहिलं होतं. मग खोडलं का? कळलं तेव्हा हातातला लाल पेन खाली ठेवावा लागला. तेलुगूत सव्वाआठला 'एनिमिदिंपावु' म्हणतात, आठ आणि वर पाव. आमच्या पावणेआठातला पाव आठातून वजा होतो, त्यांच्यातला आठावर चढतो. तिने ऐकल्याप्रमाणे खूण केली, मग माझ्या तोंडून ऐकलेलं पाव आणि आठ आठवलं, आणि आपला कान चुकला असं समजून सव्वाआठ केलं.

बाजारात हा घोळ आमच्याकडे नेहमीचा. मराठी माणूस पावणेदोनला ये म्हणतो आणि तेलुगू माणूस सव्वादोनला येतो, मग दोघं हसतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही.

अकरा जणींत याच दोघी सगळ्यांत वर, आणि दोघींच्या गुणांत एकाचा फरक आला. शेजारच्या मुलीचा एक जास्त. चौदाव्याला तिने ७:४५ वर खूण केली होती, एकच, ठळक.

मी गुण तसेच कळवले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना सांगितलं. ते वांकिडीकडचे, माझ्याहून मोठे, घरात पूजाअर्चा करणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी काऊन जीवाले लावून घेऊन राह्यले? दोगीबी आपल्याच पोरी. एका गुणाचं काय, देवानं कुणाच्या तरी पदरात टाकलाच असता."

"सर, देवानं नाई टाकला. मी टाकला."

"मंग आता काय बोर्डावर लिहिता का? शाळेचं नाव जाईन. त्या क्लार्कची पोरगी आपल्या गल्लीत मान खाली घालून फिरन. गप बसा."

मी गप्प बसलो. मला कुणीतरी गप बसा म्हणावं, यासाठीच मी त्यांच्याकडे गेलो होतो.

निकाल लागला त्या रविवारी विहारात शेजारच्या मुलीचा सत्कार झाला. वह्यांचा गठ्ठा, एक पेन, गुलाबाचं फूल. तिची आई पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती. मुलीच्या वडिलांनी माझा हात धरून मला पुढे नेलं, गुरुजींनी दोन शब्द बोलावेत म्हणून. मी बोललो. कष्टाला फळ येतं, कुणाच्या मेहेरबानीने नाही, स्वतःच्या गुणवत्तेवर आपली लेकरं पुढे जातात, असं बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर बायको म्हणाली, "आज लय चांगलं बोललात." मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं.

दोन आठवडे असे गेले. वसतिगृहातल्या मुलीचा पेपर मी कॉलेजला पाठवला होता, पण ती आडवी रेघ मला वर्गात, बसमध्ये, भाकरीच्या ताटापुढे दिसायची. कॉलेजच्या पत्रकात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की महिनाअखेरीपर्यंत फेरविचाराचा अर्ज करता येईल, कारण लेखी द्यावं. ते मी कुणालाही वाचून दाखवलं नव्हतं. शेवटी एका शनिवारी मी नेरडीगोंड्याची बस धरली.

ती स्टँडजवळ मावशीच्या झेरॉक्सच्या दुकानात बसलेली सापडली. कुणाचा तरी फॉर्म भरून देत होती. मला बघून उठली, खुर्ची पुसली. गावातल्या कॉलेजात नाव घालायचं की घरी बसायचं, ते अजून ठरत नव्हतं, असं मावशीने सांगितलं. निवासी कॉलेज मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता, असंही म्हणाली. टोमणा मारून नाही, नुसतंच.

मी मुलीला तेलुगूत सगळं सांगितलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. मग म्हणाली, "मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं, सर."

"मग का खोडलंस?"

"तुम्ही सर ना."

झेरॉक्सच्या मशीनमधून कागद बाहेर पडत होते. तिने ते गोळा करून गिऱ्हाइकाला दिले आणि परत आली.

"हे लिहून द्याल का?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. तिने कोरा कागद दिला. मी इंग्रजीत लिहायला बसलो. वीस वर्षं मुलांना अर्जाचा नमुना शिकवतो आहे, तशा सराईतपणे लिहिलं. चाचणीच्या वेळी खोलीत काही व्यत्यय आला होता, त्यामुळे एका होतकरू विद्यार्थिनीच्या उत्तरावर परिणाम झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, वगैरे. सही केली आणि दिलं.

ती वाचू लागली. ऐकताना जशी बसायची तशीच, मान खाली घालून. शेवटपर्यंत वाचलं, मग वरून पुन्हा एकदा.

"सर, व्यत्यय कुणी आणला, ते यात नाही."

तिने बोट पुढच्या ओळीवर नेलं.

"आणि 'परिणाम झाल्याची शक्यता' म्हणजे कदाचित झाला, कदाचित नाही. असंच ना?" ती खरंच विचारत होती. तिला माझ्याकडून बरोबर अर्थ हवा होता, वर्गात हवा असे तसा.

मावशी कौतुकाने म्हणाली, "अशीच आहे ही. रेशनचा कागदसुद्धा दोनदा वाचते."

मी दुसरा कागद मागितला. या वेळी वाक्यं लहान झाली. परीक्षक मी होतो. चौदावा प्रश्न चालू असताना मी उत्तर मराठीत बोलून दाखवलं. ते मराठी मुलींना मदत करणारं होतं. तेलुगू भाषेत त्याचा अर्थ उलटा लागू शकतो हे मला ठाऊक होतं. या मुलीने आधी बरोबर उत्तर दिलं होतं, ते पेपरवर दिसतं. जिची निवड झाली तिचा यात काही दोष नाही. 'मी' हा शब्द दर वाक्यात येत होता आणि दर वेळी हात अडत होता.

तिने ते वाचलं. मान हलवली. मूळ पत्र फेरविचाराच्या अर्जाला लावायला ठेवलं, दोन प्रती काढल्या, एक माझ्या हातात दिली. मी खिशात हात घातला तर मावशी म्हणाली, "राहू द्या मास्तर."

परत आल्यावर आधी बायकोला सांगितलं, मग शेजारी गेलो. मुलीच्या वडिलांनी मला बसा म्हटलं नाही. "आपल्याच माणसानं आपल्याच लेकराच्या ताटात माती कालवली," एवढंच ते बोलले. हेडमास्तरांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मेमो दिला. त्यावर काय उत्तर लिहायचं हेही तेच मला सांगायला आले होते. मी पत्राची प्रत जोडून दिली.

कालच कॉलेजचं पत्र आलं. दोघींची चाचणी पुन्हा होणार, त्यांच्याकडे, त्यांच्या शिक्षकांसमोर, नव्या रेकॉर्डिंगवर. जागा एकच आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती वरचे लोक ठरवतील.

आज सकाळी मी अंगणात पाणी भरत होतो. शेजारची मुलगी दोन अंगणांमधल्या ठेंगण्या भिंतीपाशी आली. महिनाभरात पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"काका, तुमी बोलले नसते तं मले तो सवाल आला असता का?"

"मले नाई मालूम."

"तुमी सर ना. तुमाले मालूम पायजे."

मी बादली खाली ठेवली. तिला सांगितलं की तिने स्वतः ऐकलं का माझ्याकडून घेतलं, हे त्या खुणेवरून कुणालाच सांगता येणार नाही. तिचा पेपर मी तपासला खरा, पण तिला काय येतं ते मला कळलेलं नाही, कारण कळायच्या आधी मी मध्ये बोललो. ती ऐकत होती. मग तिने विचारलं की ते चीनचे संच अजून माझ्याकडे आहेत का. मी पेनड्राइव्ह आणून भिंतीवरून तिच्या हातात दिला. समजावू का, असं ओठांवर आलं होतं. ती आत निघून गेली आणि थोड्या वेळाने त्यांच्या खिडकीतून संचातल्या त्या उशिरा पोचणाऱ्या बाईचा आवाज ऐकू येऊ लागला.