उसनं लंगडणं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायको होती तेव्हा तिलाही नाही. आता बदलापूरच्या या फ्लॅटमध्ये ऐकायला कोणी उरलं नाही, म्हणून — तुम्हाला सांगतो.

एके काळी मी मारधाडीच्या सिनेमांचा हिरो होतो. माझी चाल कदाचित तुम्हाला आठवत असेल — डावा पाय ओढत, खांदा जरा झुकवून. उल्हासनगरच्या बाजारात पोरं तसं चालून दाखवायची. मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू.

अंबरनाथच्या एका बंद कारखान्याच्या छपरावरून मी स्वतः उडी मारली आणि पाय मोडून घेतला, असं लोकांना ठाऊक होतं. ती उडी — कसं सांगू? — ती उडी दत्ताने मारली होती. चामटोलीचा दत्ता, माझा डुप्लिकेट. माझाच शर्ट घालून, कॅमेऱ्याला पाठमोरा. खाली रचलेल्या खोक्यांच्या अगदी कडेला पडला. पाय त्याचा मोडला, पेपरात नाव माझं आलं. हे खोटं आहे, एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हटलं नाही. उलट सिनेमाच्या पहिल्या खेळाला लंगडत गेलो. टाळ्या पडल्या. मग लंगडतच राहिलो — पुढच्या प्रत्येक सिनेमात.

दत्ताला पुन्हा काम मिळालं नाही. मी त्याला भेटायलाही गेलो नाही. भित्रा होतो, दुसरं काय.

यंदा एका सिनेमात मला माझीच भूमिका मिळाली. उतरती कळा लागलेला हिरो. शूटिंग त्याच कारखान्यात. कॅमेऱ्यासमोर उडीची गोष्ट सांगायची होती, आणि या वेळी खरी सांगायची असं मी ठरवून गेलो होतो. तर बघ्यांमध्ये दत्ता. केस पांढरे झालेले, डावा पाय ओढत पुढे येत होता. युनिटमधली एक मुलगी हसून म्हणाली, "काय काका, सरांची कॉपी मारताय?"

"हां गं बाय," दत्ता म्हणाला, "बगून बगून सवय लागली."

सगळे हसले. मी — मीही हसलो. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्यात शॉटला बोलावलं. मी लंगडत गेलो आणि उडी मीच मारली, असं पुन्हा एकदा सांगितलं. पहिल्याच टेकला ओके. टाळ्या झाल्या. दत्तानेही वाजवल्या.

संध्याकाळी घरी आलो, दार लावलं आणि स्वयंपाकघरापर्यंत सरळ चालत गेलो. माझ्या पायाला कधीच काही झालेलं नाही.