माझ्या आजाराचं इंग्रजी नाव

"काय बाई, आज कुणाची नक्कल?"

पॅकिंगच्या टेबलाखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात तोंड घालून मी ओकत होते. पदर कपाळाला करकचून बांधलेला. उजवा डोळा जणू कुणी आतून सांडशीनं ओढत होतं. आणि सुपरवायझर वाकून विचारत होता, आज कुणाची नक्कल?

सगळी लाइन हसली. खरं सांगते, मीही हसले. सणसवाडीच्या त्या कारखान्यात माझ्यासारखी नकलाकार दुसरी नव्हती. सुपरवायझरचं पोट पुढं काढून चालणं, कंपनीच्या डॉक्टरचं नाकातून "ताई" म्हणणं, जेवणाच्या सुट्टीत सगळं करून दाखवायचे. मी मेंढपाळाची लेक. बापानं मला एकेका मेंढराचा आवाज ओळखायला शिकवलेलं. माणसं त्यापुढं फार सोपी.

माझी अर्धशिशी लग्नाआधीपासूनची. सासरी, वडगाव रासाईला, सासूनं सात दिवस सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला घातली. डोकं तसंच राहिलं, जिलेबीची चटक तेवढी लागली. तळेगावच्या बाजारात एकानं कानशिलावर तापल्या सुईचा डाग दिला. शिरूरला चष्मा लागला. दौंडला दाढ उपटली. सरकारी दवाखान्यात वर न बघताच "पित्त आहे" म्हणून कागद सरकवला. डोकं सोडून सगळ्याचा इलाज झाला.

म्हणून कंपनीचा डॉक्टर मला देव वाटला. आठवड्यातून दोनदा पुण्याहून यायचा. "बसा ताई, सांगा." तोवर कुठल्याच डॉक्टरनं मला "सांगा" म्हटलं नव्हतं. मी सांगितलं. उजेड टोचतो. आवाज मारतो. अर्धंच डोकं दुखतं, दोन दिवस उठवत नाही. त्यानं मान डोलावली आणि माझ्या कार्डावर इंग्रजीत एक लांबलचक शब्द लिहिला.

"डॉक्टर, आजाराचं नाव काय?"

"लिहिलंय ना, ताई."

मी चौथी शिकलेली. शेजारच्या खोलीतल्या दहावीच्या पोरीकडून वाचून घेतलं. मॅलिंगरिंग. काय भारदस्त नाव! आरशापुढं उभी राहून मी ते घोटलं. सासू आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या सुनंला मॅलिंगरिंग झालंया. साधंसुधं न्हाई. पुण्याचा डॉक्टर बघतुय." महिन्याभरात दौंडच्या नणंदेलाही ते झालं. माझ्या कार्डावर तो शब्द तीनदा आला. मी खूश. नाव सापडलं, आता औषध सापडेल.

मग नवं मशीन बसवायला जर्मनीचा इंजिनिअर आला. तिसऱ्या दिवशी तो मशीनपाशीच मटकन बसला. अर्ध्या कपाळावर तळहात, डोळे गच्च मिटलेले. मग ओकला. मी लांबूनच ओळखलं. अगं बाई, हे तर माझंच दुखणं!

त्या दिवशी मी डॉक्टरला पळताना पाहिलं. साहेबाला तपासणीच्या खोलीत निजवून पडदे ओढले. ट्यूबलाइट बंद. "आवाज करू नका, साहेबांना मायग्रेन आहे." स्वतःच्या बॅगेतली गोळी काढून दिली. दोन तासांनी साहेब उठून बसला. सोबतच्या दुभाष्याला म्हणाला, माझ्या आईचंही असंच दुखायचं. आमच्याकडच्या डॉक्टरांनी तिला जन्मभर 'मनाचे खेळ' म्हणून घरी पाठवलं. दुभाष्यानं ते मराठीत सांगितलं. दारात जमलेले सगळे हळहळले. डॉक्टर सगळ्यात जास्त.

साहेब गेल्यावर मी आत शिरले. सुपरवायझर तिथंच होता.

"डॉक्टर, मला पन त्येच हाय. ती गोळी द्या. माझं मॅलिंगरिंग आन् साहेबाचं मायग्रेन, एकच ना?"

सुपरवायझरला हसता हसता ठसका लागला. "अगं येडे, मॅलिंगरिंग म्हंजी सोंग! काम चुकवायचं सोंग! त्या शेऱ्यापायी तुझं पर्मनंट व्हायचं थांबलंय, आन् तू गावभर मिरवतीस व्हय?"

मी डॉक्टरकडं पाहिलं. तो हसत नव्हता. कागद सारखे करत होता. सुपरवायझर हसला त्याचं काही नाही, तो हसणारच. पण ह्यानं माझं सगळं ऐकलं होतं. ऐकून लिहिलं होतं. तोंडावर ताई, कार्डावर खोटारडी. आणि ती शिवी मीच माझ्या तोंडानं दोन तालुक्यांत वाटत फिरले.

"बरं, ऱ्हाऊ दे," सुपरवायझर डोळे पुसत म्हणाला. "सायेब कसा ओकला, तेवढं करून दाखव."

येत होतं मला. हुबेहूब येत होतं.

"न्हाई."

मी कार्ड डॉक्टरपुढं ठेवलं. "मराठीत लिहा. ही बाई सोंग करती. खाली सही करा. मी बाजारात उभी ऱ्हाऊन वाचून दाखवते."

"ताई, असं लिहिता येत नाही."

"मंग इंग्रजीत कसं आलं?"

त्यानं लिहिलंही नाही, खोडलंही नाही. गोळीही दिली नाही. महिन्याभरात माझी नोकरी गेली.

अर्धशिशी गेली नाही. ती अजून येते. मी दवाखान्यात जाते, तपासून घेते आणि डॉक्टरला म्हणते, जे लिहिलं ते मराठीत मोठ्यानं वाचा, अर्थासकट. ते घड्याळ बघतात. बाहेर रांग कुरकुरते. कुरकुरू दे. त्या रांगेतल्या बायांनाही मी सांगून ठेवलंय: अर्थ कळल्याबिगर खुर्ची सोडायची न्हाई.