उंबराची भिंतीकडची फांदी

प्राणीबागेत तिला सगळे खुरपं म्हणत, तेही तोंडावर. सव्वीस वर्षं बागकाम केलं, पण कधी कुणाचं ऐकून घेतलं असेल तर शपथ. वानरांच्या आवारातला उंबर तिनेच लावलेला. त्याला कुणी नावं ठेवली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

त्या आठवड्यात थोराड हुप्याने उंबरावरून भिंतीपलीकडे उडी मारली आणि थेट तिकीटखिडकीच्या छपरावर बसकण मारली. वानरांची देखभाल तिच्या धाकट्या दिराकडे होती. त्याने बागेच्या साहेबांना सांगितलं, झाड काढा, वानरांना लोखंडी दांड्याही चालतात. सोमवारी उंबर तोडायचं ठरलं.

"भावजी, उडी मारली तुमच्या माकडाने आणि फाशी माझ्या झाडाला?"

"वहिनी, माकड ऐकत नाही. झाड निदान जागेवर उभं तरी असतं."

हे तिला झोंबलं. झाडाची बाजू कागदावर मांडायचीच, म्हणून वही घेऊन ती तीन दिवस आवारासमोर ठाण मांडून बसली. पानाच्या डाव्या बाजूला वानर, उजवीकडे उंबर. वानर : इथे अडवलं की तिथून जातं. उंबर : इथे छाटला की तिथून फुटतो. दोन्हीकडे तेच ते लिहायला लागलं, तशी ती चरकली.

लोकांना वानरं दिसावीत म्हणून वाटेकडच्या फांद्या ती दरवर्षी साफ करत आली होती. उंबराला मोकळी राहिली ती फक्त भिंतीची बाजू. हुप्याला पूल तिनेच बांधून दिला होता.

शनिवारी सकाळी ती साहेबांपुढे उभी राहिली, दिरादेखत. लाज वाटत होती, पण मान ताठ होती.

"चूक झाडाची नाही, माकडाचीही नाही. माझी आहे. भिंतीकडची फांदी मी उतरवते. वाटेकडे आता कात्री लावायची नाही."

"लोक ओरडतील, वानरं दिसत नाहीत म्हणून," साहेब म्हणाले.

"शोधतील. डोळे दिलेत ना."

साहेबांनी सोमवारची तोड रद्द केली. दिराने शिडी धरली. सगळ्यात जोमदार फांदी तीच होती. करवत चालवताना तिला रडू आलं, तिने डोळे पुसलेही नाहीत. दुपारी फांदी खाली आली आणि मागोमाग तीही.

"वाटेकडची बाजू भरायला तीन वर्षं लागतील," ती म्हणाली.

"बाई, तुम्ही तर दोन महिन्यांत निवृत्त होताय," साहेब म्हणाले.

"मी होतेय. झाड नाही."