अंगठ्याचा दोरा

चारकोपच्या नाक्यावरची फुलवाली पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून गजरे बांधते आणि गिऱ्हाइकांवर खेकसते, "हात नको लावू, कोमेजतात!"

टीबीसाठी तिला महिनोन्‌महिने जालीम अँटिबायोटिक चालू होतं. एकदा दोरा रुतून अंगठ्यातून रक्त आलं, तरी ही बांधतेच आहे. मी ओरडले.

"पाय बधिर झालेत गं. वय झालं."

"वय कसलं? गोळ्यांनी झालं असेल. डॉक्टरांना सांग!" मी मागेच लागले.

डॉक्टरांनी तपासून एक गोळी बदलली. मग कित्येक महिने ती दोरा खिळ्याला अडकवायची. गजरे सैल व्हायचे, मी गुपचूप घ्यायचे.

काल दोरा पुन्हा अंगठ्याला दिसला. मी थबकलेच.

"बघतेस काय? काचतोय मेला!" ती खेकसली, आणि तिने तो आणखी घट्ट ओढला.